सव्वाबाराचं पाणी

हे खरं आहे का, असं खाली कमेंटमध्ये कोणी विचारू नये. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. म्हणजे डोळ्यांना दिसलं काहीच नाही, आणि तेच तर सांगायचं आहे.

मी अरुंधती. वय एकसष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली. भुताखेतांची मला लहानपणापासून चीड. आमच्या आळीत एका बाईच्या अंगात यायचं, तिच्या डोक्यावर मी एकदा बादलीभर गार पाणी ओतलं होतं. त्यानंतर निदान माझ्यासमोर तरी कधी आलं नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरचा मे महिना पाहिलेला नाही. रात्री निदान पानठेले तरी उघडे असतात. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

ही गोष्ट दुपारची आहे.

२०२४ सालचा मे महिना, दुसरा मंगळवार. जागा कामठी.

मला नाद आहे जुन्या गुलाबांचा. नर्सरीतले टपोरे, बिनवासाचे गुलाब नव्हेत. मी म्हणते ते कोणाच्या तरी आजोळहून आलेले, नाव हरवलेले गुलाब. कुठे विहिरीपाशी, कुठे शाळेच्या कुंपणात असं एखादं झाड उरलेलं असतं. ते शोधायचं, काडी आणायची, जगवायची आणि दहा घरी वाटायची. वाटणं सगळ्यात महत्त्वाचं. एकाच घरात असलेला गुलाब म्हणजे नसल्यासारखाच. एकदा वाळवी लागली की संपला. काडी द्यायला का-कू करणाऱ्या लोकांशी मी कडाकडा भांडलेली आहे.

तर कामठीहून एका संजीव नावाच्या माणसाचा फोन आला. नर्सरीवाल्याने त्याला माझा नंबर दिला होता.

"मॅडम, तुमी जुने गुलाब नेता म्हनते. आमच्या मोठ्या बाबाच्या आंगनात एक हाये. येत्या सोमवारपासून घर पाडून राहिलो आमी. मोठे बाबा म्हनते, आधी झाडाचं पाहा."

मोठे बाबा म्हणजे त्याचे काका, बाबनराव.

मे महिन्यात गुलाब हलवणं म्हणजे त्याच्या मुळावरच उठणं. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा.

"पावसाच्या आधी स्लॅब टाकाचा हाये, मॅडम. थांबता येत नाही."

माझे यजमान कृष्णकांत म्हणाले, "या उन्हात गेलीस तर गुलाबाच्या आधी तूच वाळशील." मी ऐकलं नाही. कात्री, ओला गोणपाट आणि पेंटची मोठी बादली गाडीत टाकली आणि निघाले.

गल्लीत शिरले तेव्हा अकरा वाजले होते. आजूबाजूला यंत्रमागांची खटखट चालू होती. बाबनरावांचं घर कौलारू, दोन खोल्यांचं. सामान आधीच हलवलेलं होतं. बाबनराव सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, पायजमा-बनियानमध्ये. आयुष्यभर विणकाम केलेले कोष्टी. बोटं सांध्यांत वाकडी झालेली.

आणि अंगणात तो गुलाब.

छातीएवढं झाड. भर मे महिन्यात त्यावर चार फुलं होती. दुधात कुंकवाचं बोट बुडवावं तसा रंग. पाकळ्या इतक्या दाट की आतलं काही दिसेना. वास फाटकापर्यंत येत होता.

वीस वर्षांत मी हा गुलाब कुठेच पाहिला नव्हता. पुस्तकातही नाही. मला अगदी हावरटासारखं झालं.

"कुठून आणला हा?" मी विचारलं.

"आनला नाही बाई. आला." बाबनराव खाटेवर बसले. "आमची मैना, माही बायको, तिच्या मायच्या घरचा, उमरेडचा. त्यायच्या घरी रीत होती. पोरीचं लगन ठरलं का माय तिच्या नावानं कुंडीत काडी लावे. पोरीनं आपल्या हातानं पानी घालाचं. मंग लगनात ते कुंडी पोरीसंगं सासरी जाये. मैना अशीच घेऊन आली होती."

"म्हणजे हे मैनाबाईंचं झाड?"

"नाही. तिचं कवाच गेलं. हे आमच्या गोपीचं."

गोपी म्हणजे गोपिका, त्यांची एकुलती एक मुलगी. शहाण्णव साली तिचं लग्न ठरलं. मैनाबाईंनी तिच्या नावाने काडी लावली. रोज दुपारी माग बंद करून बाबनराव जेवायला उठत. तेवढ्यात गोपी लोटा घेऊन कुंडीला पाणी घालायची. रोज सव्वाबाराला.

लग्नाला एक महिना उरला आणि तिला ताप आला. ताप डोक्यात गेला. चार दिवसांत मुलगी संपली. एकोणीस वर्षांची.

"कुंडी तशीच राह्यली," बाबनराव म्हणाले. "मंग मैनानं ते इथंच मातीत लावली. मैना बी मागच्या साली गेली. उमरेडले आता कोनी नाही. हे एवढंच हाये, बाई. हे जगलं पाहिजे."

मी म्हटलं, जगेल. किती सहज म्हटलं मी.

बोलण्यात बारा वाजले. मग मी कामाला लागले, आणि माझ्या हातून ते झालं जे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

गुलाब लावणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. बाजारातलं गुलाबाचं झाड कलमी असतं. खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि वर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे अंकुर. त्यामुळे जमिनीतून नवी फांदी आली की ती रानटी. ती लगेच कापायची, नाहीतर वरचं झाड मरतं. हे मी शेकडो लोकांना शिकवलंय.

या झाडाच्या बुंध्याशी सहा-सात फांद्या जमिनीतून वर आल्या होत्या. हिरव्यागार, तजेलदार. मी कात्री घेतली आणि खाली बसून सटासट कापल्या.

"बाई, ते..." बाबनरावांचा हात वर आला.

"हे रानटी फुटवे आहेत. झाडाचा सगळा जीव खातात," मी म्हटलं. "तुम्ही इतकी वर्षं ठेवलेत कसे?"

त्यांचा हात हळूच खाली गेला.

मी उठले. घाम पुसला. आणि...

मागांची खटखट थांबली.

एकदम. सगळीकडची. गल्लीतला एकही आवाज येईना. माझ्या चपलेखाली पाचोळा होता, मी पाय हलवला तरी तो वाजला नाही. कान गच्च बंद झाल्यासारखे वाटले.

मग एक आवाज आला. एकच.

डुबुक...

पाण्यात लोटा बुडवल्याचा. आणि पाठोपाठ मातीवर पडणारी बारीक धार.

मी आत पाहिलं. घर रिकामं होतं. संजीव बाहेर गल्लीत गाडीपाशी उभा होता. पाण्याचं पिंप मागच्या दाराशी होतं, तिथे कोणी नव्हतं. बाबनराव खाटेवर डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला नजर वळवावी लागली. इतका सुखी माणूस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

खटखट पुन्हा सुरू झाली.

"झालं," बाबनराव म्हणाले. "आता उद्या."

मी खाली पाहिलं. झाडाच्या बुडाशी माती ओली होती. मी कापलेल्या फांद्यांच्या जागा ओल्या होत्या.

मला चक्कर आल्यासारखं होत होतं आणि मी ते उन्हावर ढकललं. दुपारच्या वेळी झाडाला पाणी कोण घालतं, मुळं उकडतात, असं काहीतरी मनातल्या मनात पुटपुटले. संजीवच्या मदतीने झाड मातीच्या गोळ्यासकट काढलं. वरच्या फांद्यांच्या वीस काड्या कापून गोणपाटात गुंडाळल्या. गाडीत बसले.

फाटकाशी उभे राहून बाबनराव झाडाकडे बघत होते. माझ्याकडे नाही.

घरी येऊन वीस काड्या वीस कुंड्यांत लावल्या आणि झाड मागच्या अंगणात हिरव्या जाळीखाली ठेवलं. मुळावरची माती सारखी करताना बोट बुंध्यावरून फिरलं आणि तिथेच थांबलं.

कलमाची गाठच नव्हती.

असायची कशी? काडी लावून आलेलं झाड ते. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच गुलाब. कात्री लावायच्या दहा मिनिटं आधी बाबनरावांनी मला तेच तर सांगितलं होतं. कुंडीत काडी लावे, म्हणून. मी ऐकलं आणि तरीही सवयीने हात चालवला. अशा झाडात जमिनीतून येणारी फांदी हाच त्याचा नवा जीव. वरचं जुनं लाकूड मी चाकूने टोकरून पाहिलं. आतून पोकळ होतं, किडीने पोखरलेलं.

जे जगणार होतं ते मी कापून टाकलं होतं. जे मरत होतं ते घरी आणलं होतं.

संजीवला फोन केला. "त्या कापलेल्या फांद्या आहेत का हो तिथे?"

"त्या कचऱ्याच्या गाडीत देल्या, मॅडम. काहून?"

"काही नाही. सहज."

मग बाबनराव फोनवर आले. "कशी हाये?"

"छान आहे," मी म्हटलं.

मी खोटं बोलले. साठ वर्षांच्या बाईने शेंबड्या पोरासारखं खोटं बोलावं, तसं.

चौथ्या दिवशी झाडाने सगळी पानं टाकली. काड्या एकेक करून शेंड्याकडून काळ्या पडायला लागल्या. मी रोज सकाळी उठून काळ्या काड्या उपटत होते आणि कृष्णकांतसमोर काही दाखवत नव्हते. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं की मी कामठीहून एक गुलाब आणलाय. त्यांचं दुपारचं वेळापत्रक ठरलेलं. अकराला जेवण आणि लगेच कूलरसमोर झोप. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दुपारी कूलरशिवाय दुसरा आवाज नसतो.

सहाव्या दिवशी, रविवारी, मी स्वयंपाकघरात ताटं घासत होते. आणि...

कूलरचा आवाज थांबला.

लाईट गेली असेल म्हणून वर पाहिलं. पंखा फिरत होता. नळाला पाणी येत होतं. नळाचाही आवाज नव्हता. ताट हातातून सुटून ओट्यावर पडलं, ते पडल्याचंही ऐकू आलं नाही.

मागच्या अंगणातून...

डुबुक.

मग धार.

कूलर पुन्हा घरघरायला लागला. मी ओल्या हातांनी मागे धावले. कोणी नव्हतं. उन्हाने फरशी भाजत होती. उरलेल्या काड्यांच्या पंधरा कुंड्या ओळीने होत्या. चौदा कोरड्या होत्या.

एक ओली होती.

"तुम्ही पाणी घातलंत का हो?" मी कृष्णकांतना विचारलं. ते घोरत होते.

दुसऱ्या दिवशी मी पिंप रिकामं करून पालथं घातलं. नळाचं तोंड फडक्याने बांधलं. स्वतः दारात स्टूल टाकून बसले. वेडेपणा म्हणा, पण माझी प्रयोगशाळेची सवय आहे. बघितल्याशिवाय मी काही मानत नाही.

सव्वाबाराला आवाज गेले. शेजारच्या कडुलिंबावर कावळा चोच उघडत होता, मिटत होता, आणि काही ऐकू येत नव्हतं.

डुबुक...

कुंडीतली माती काळी होत गेली. मधून कडेकडे, हळूहळू. पाण्याची धार दिसत नव्हती. फक्त माती भिजत होती. मी स्टुलावरून उठू शकले नाही. भीती वाटली का, तर हो, वाटली. पण त्याहून जास्त मला लाज वाटली. मी मारलेल्या झाडाला कोणीतरी जगवत होतं.

सगळं पूर्ववत झाल्यावर जवळ गेले. त्या कुंडीतली काडी हिरवी होती. एकटीच. आणि तिला आधाराला एक काटकी लावून पांढऱ्या सुताने बांधलं होतं.

आमच्या घरात पांढरं सूत नाही. गाठ इतकी बारीक होती की मला नखाने सापडेना.

गुरुवारी साडेअकराला फाटक वाजलं. बाबनराव. कामठीहून बसने आणि पुढे शेअर ऑटोने, त्या उन्हात. डोक्याला ओला पंचा. मी आधी पाण्याचा तांब्या आणला.

"पानी नको, बाई."

"अहो, पंचेचाळीस डिग्री आहे!"

"नको."

ते व्हरांड्यात खाली बसले. डोक्याचा पंचा सोडून मांडीवर घेतला आणि खाली बघतच बोलले.

"एक विचारू काय? तिकडं आता काहीच ऐकू येत नाही. तुमी झाड नेलं त्या दिवसापासून. घर पाडलं, किरायाच्या खोलीत राह्यतो. पन रोज बारा वाजता त्या जागेवर जाऊन बसतो. सव्वाबारा होते, साडेबारा होते. काहीच नाही." त्यांनी मान वर केली. "इकडं येते काय?"

मी पुन्हा खोटं बोलू शकले असते.

"येते," मी म्हटलं.

त्यांनी पंच्यात तोंड लपवलं. खांदे हलत होते. अठ्ठावीस वर्षं तो माणूस रोज सव्वाबाराला मुलीच्या पाण्याचा आवाज ऐकत होता. आधी दोघं मिळून ऐकायचे, मग एकटेच. झाड जगावं म्हणून त्यांनी ते मला दिलं. झाडामागोमाग तीही निघून येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मी गुलाब आणला नव्हता, म्हाताऱ्या बापाची पोर आणली होती.

"बाबनरावजी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी खालून ज्या फांद्या कापल्या..."

"मालूम हाये."

"काय मालूम आहे?"

"दर वर्सी खालूनच नवं येत होतं. वरचं वाळे, खालून येये. मैना म्हने, पोर जिती हाये आपली."

"मग मला अडवलं का नाही तुम्ही? एक शब्द तरी बोलायचा!"

"तुमी शिकलेल्या बाई. म्या म्हटलं, तुमाले ठाऊक असन."

मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. तेच मला म्हणाले, राहू द्या बाई, राहू द्या.

मी त्यांना मागे नेलं. जगलेली काडी दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कुंडीपाशी उकिडवे बसले आणि सुताची गाठ दोन बोटांत धरली.

"हे आमची गाठ होय. मागावर धागा तुटला का जोडाची." त्यांनी ती फिरवून पाहिली. "उलट्या हातानं मारली हाये. डावखोरी होती ते. म्यानंच शिकवली होती."

सव्वाबारा झाले. आवाज गेले. कूलर गेला, कावळे गेले.

डुबुक... आणि धार.

मी बाबनरावांकडे पाहिलं. ते कान देऊन बसले होते. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग आवाज परत आले आणि त्यांनी मला विचारलं,

"आली काय?"

त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

मी मान हलवली. त्यांनी हात पुढे करून ओल्या मातीवर ठेवला. किती तरी वेळ ठेवला.

"बरी हायेस नं वं, गोपे?" ते हळूच म्हणाले. मी घरात निघून गेले.

जाताना मी पुन्हा पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी हात जोडले.

"लेकीच्या घरचं पानी आमी पेत नाही, बाई. तिले लेकरू होये तोवर."

फाटकाबाहेर जाऊन त्यांनी पिशवीतून कोल्ड्रिंकची जुनी बाटली काढली. घरून भरून आणलेलं, उन्हाने तापलेलं पाणी. तिथे रस्त्यावर उभे राहून प्यायले.

त्यानंतर ते दर गुरुवारी आले. चार गुरुवार. कधी पाव किलो पेढे, कधी आंबे. मुलीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत ना. दरवेळी सव्वाबाराला विचारायचे, आली काय? मी म्हणायचे, आली. मग माती चाचपायचे आणि उठायचे. कृष्णकांत त्या वेळी झोपलेले असायचे. मी त्यांना कधीच काही सांगितलं नाही. त्यांनी मला जन्मभर चिडवलं असतं.

काडीला चार पानं आली. मग सात.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, मी नेहमीसारखी मागच्या दारात बसले होते. सव्वाबारा झाले. कूलर चालूच होता. कावळा ओरडतच होता.

काहीच झालं नाही.

कुंडी कोरडी राहिली.

बुधवारीही तसंच. पानं मलूल झाली. मी तांब्या घेऊन गेले, पण ओतायचं धाडस होईना. कुणाच्या तरी हक्काच्या कामात हात घातल्यासारखं वाटलं. शेवटी संध्याकाळी घोटभर ओतलं.

गुरुवारीही काही नाही. आणि गुरुवार असूनही बाबनराव आले नाहीत.

संध्याकाळी मी संजीवला फोन लावला.

"मोठे बाबा गेले, मॅडम. मंगळवारी सकाळी. झोपेतच गेले. तुमाले कळवाचं राह्यलं, धावपळीत."

मी फोन ठेवला. वाटलं, संपलं. बाप लेकीला घेऊन गेला. खरं सांगते, दुःखातही मला थोडं हलकं वाटलं.

शुक्रवारी सव्वाबाराला कूलरचा आवाज थांबला...

डुबुक.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस.

आमच्याकडे कुमारिकेला बापाचं सुतक दहा दिवस असतं. त्या दहा दिवसांत ती कशाला हात लावत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीला मात्र तीनच दिवस.

गोपिका कुमारिकाच गेली होती.

हे लक्षात आलं तेव्हा भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. तिने तीनच दिवस पाळले होते. म्हणजे तिच्या लेखी ती कुंडी घेऊन सासरी आली होती. माझ्या घरी. तिला परत जायला आता माहेरही उरलं नव्हतं.

पाऊस लागल्यावर मी रोप मागच्या अंगणात मातीत लावलं. आता ते माझ्या खांद्याला लागतं. हिवाळ्यात फुललं, तोच रंग. मी फोटो काढून आमच्या गुलाबवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि चूक केली. पुण्याहून, इंदूरहून फोन आले. काडी द्या, काडी द्या.

मी कोणालाच दिली नाही.

का ते सांगता येत नाही मला. काडी म्हणजे झाडाचं पिल्लू नसतं. काडी म्हणजे तेच झाड, दुसऱ्या घरी. ती कोणाच्या घरी जाईल मग? अर्धी इथे, अर्धी तिथे? बापाने तिला एकदा पाठवलं. पुन्हा पाठवणारी मी कोण? लोक म्हणतात, अरुंधतीबाई म्हातारपणी कंजूष झाल्या. म्हणू देत. पण मला माहीत आहे, जगात हे एकच झाड आहे, आणि मला साखर आहे, बीपी आहे. रात्री झोप लागत नाही.

आता गेल्या महिन्यातलं सांगते.

आमची कॉलनी जुनी, छोट्या छोट्या घरांची. एक बिल्डर सगळ्यांना फ्लॅट देतोय. सगळ्यांनी सह्या केल्या. कृष्णकांत तर वर्षभर मागे लागले होते. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांना लिफ्टचं घर हवंय. कागद त्यांच्याच नावावर. मी भांड भांड भांडले, पण अंगण सोडायचं नाही याचं खरं कारण काही तोंडातून निघेना. सहीच्या दिवशी ते एकटेच गेले. मी मागच्या दारात बसून झाडाकडे बघत होते आणि मनात तिची माफी मागत होते.

दोन तासांनी ते परत आले. कागद तसेच पिशवीत.

"नाही केली सही," ते म्हणाले. "सांगितलं त्यांना, आमच्या घरात पोर आहे. तिला पुन्हा उपटायची नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पुन्हा, असं म्हणाले ते.

"अहो, कोणती पोर?"

त्यांनी कूलर सुरू केला, उशी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून आडवे झाले.